शिट्टी एक श्वास उशिरा: तिसऱ्या मोसमाची नोंद

कोल्हापुरात पोरांच्या फुटबॉल मॅचना रेफरी म्हणून शिट्टी घेऊन उभा राहायला लागलो त्याला हा तिसरा मोसम. पहिल्या वर्षी दिसेल त्या धक्क्याला वाजवत होतो. दुसऱ्या वर्षी ओरडा खाऊन खाऊन वाजवायचंच कमी केलं. यंदा एकच गोष्ट घोटायची ठरवली: फाउल दिसला की शिट्टी ओठात, पण फुंकायच्या आधी एक श्वास थांबायचं. पाच रविवार झाले.

ॲडव्हान्टेजचा नियम आपण सगळ्यांनी वाचलाय. फायदा होईल असं वाटलं तर खेळ चालू ठेवायचा आणि काही सेकंदांत तो झाला नाही तर मागे येऊन मूळ फाउल द्यायचा. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांच्या मोठ्या सामन्यात हे सहज जमून जातं, कारण तिथला खेळाडू शर्ट ओढला तरी पळत राहतो. बारा वर्षांचं पोर तसं नाही. त्याच्या साथीदाराला पाडलं की ते बॉल पायात असतानाच थांबतं आणि माझ्याकडे बघतं. तेवढ्यात बॉल गेलेला असतो. म्हणून आता दोन्ही हात पुढे करून मोठ्यानं "खेळा, खेळा!" म्हणतो, आणि बॉल गेला तर बिनदिक्कत मागे येतो. पूर्वी मागे येणं म्हणजे आपण डळमळलो असं वाटायचं. ते साफ चुकीचं होतं, नियमानंच ती मुभा दिली आहे.

तिसऱ्या रविवारी याचं सोनं झालं. विंगवरच्या पोराचा शर्ट ओढला, मी थांबलो, त्यानं तोल सावरून क्रॉस टाकला आणि गोल. चौथ्या रविवारी मात्र तोच श्वास महागात पडला. पिंडरीवर लाथ बसली होती, बॉल त्याच्याच साथीदाराकडे गेला म्हणून मी खेळ चालू ठेवला. लाथ खाल्लेला पोरगा उठला आणि सरळ त्या दुसऱ्याच्या अंगावर गेला. पिवळं कार्ड त्याला दाखवावं लागलं, पण मी वेळेवर वाजवलं असतं तर ते पोर तिथवर गेलंच नसतं. तेव्हापासून माझी वाटणी अशी: शर्ट ओढला, हात लावला तर थांबून बघायचं. पाय लागला तर लगेच शिट्टी. आणि ज्यांच्यावर फाउल झाला त्यांच्याच हाफमध्ये तो असेल तर बहुतेक वेळा फ्री किकच द्यायची, दोन शब्द बोलायला वेळ मिळतो.

कार्डाचं कोडं या वयात वेगळं आहे. तेरा वर्षांखालच्या गटात एक पोरगा दुसऱ्यापेक्षा हातभर उंच असतो. धडक झाली की लहान पोरगा चेंडूसारखा उडतो आणि बाहेरून "कार्ड! कार्ड!" सुरू. फुटबॉलचा बारावा नियम विचारतो ते एवढंच की खेळणं निष्काळजी होतं, बेपर्वा होतं की जोर हद्दीबाहेरचा होता. निष्काळजी असेल तर नुसता फाउल, बेपर्वाला पिवळं, हद्दीबाहेरच्या जोराला लाल. पोरगा किती उडाला यावर नियम काही ठरवत नाही. मी पाय किती वर होता आणि बॉल आवाक्यात होता का, हे बघतो. त्या उंच पोराला म्हटलं, "तुझी नजर बॉलवर होती, मी बघितलंय. पण पाय खाली ठेव." कार्ड दिलं नाही, आणि आजही देणार नाही.

सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट थ्रो-इनची, म्हणजे बाहेर गेलेला बॉल हातानं आत टाकण्याची. दहा वर्षांखालच्या सामन्यात दोन्ही कोचना आधी सांगून पहिला चुकीचा थ्रो मी परत टाकायला देतो, पाय कसे ठेवायचे ते दाखवतो. नियमाप्रमाणे तो थ्रो समोरच्यांना जातो, म्हणजे ही सवलत माझी. पाचव्या रविवारी पहिल्या हाफात एका संघाला दिली. शेवटच्या मिनिटांत १-१ असताना दुसऱ्या संघाच्या पोरानं तीच चूक केली, त्यांची ती पहिलीच, आणि मी सरळ थ्रो उलटा दिला. सामना रंगात आला होता, मला कडक व्हावंसं वाटलं, एवढंच कारण. कोच बाहेरून शांतपणे म्हणाले, "सर, मघाशी त्यांना परत टाकाय दिलं की." त्यांचं बरोबर होतं. सामना संपल्यावर जाऊन चूक कबूल केली. त्या पोरालाही सांगितलं.

दागिन्यांत मात्र माझ्या मर्जीला जागाच नाही. चौथ्या नियमानं कडं, अंगठी, माळ सगळं बंद, वर चिकटपट्टी लावलेलीही चालत नाही. पहिल्या मोसमात पट्टी चालवून घेतली होती, कड्यानं एकाचा गाल खरचटला. परवा एक पोरगा गळ्यातला ताईत काढेना, "आजीनं बांधलाय." आजी मैदानावरच होत्या. त्यांनी स्वतः गाठ सोडली, ताईत पदराच्या टोकाला बांधला आणि सामना संपेपर्यंत टोक मुठीत धरून बसल्या. डोक्याला लागलं तरी असंच, एक श्वाससुद्धा न थांबता खेळ बंद.

येत्या रविवारी दोन सामने आहेत. गोलकीपरनं बॉल हातात धरायच्या ८ सेकंदांची मोजणी, शेवटची ५ हात वर करून, पहिल्यांदाच करणार आहे. आणि थ्रोची सवलत कुणाला दिली ते वहीत दोन रकान्यांत लिहिणार.