आज नेरळला, छोट्या इंजिनापाशी

फोटो सगळे धुराड्याचे काढतात. खरी गंमत चाकांमधे आहे, तिथे वाकून बघावं लागतं.

नेरळ-माथेरानची छोटी रेल्वे: दोन फुटी गेज (रुळांमधलं अंतर), १:२० चा चढ आणि वळणांवर वळणं. म्हणून १९०७ साली सुरू झालेल्या या मार्गासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने क्लीन-लिंडनर एक्सलची (चाकांच्या वळणाऱ्या आसांची) इंजिनं दिली. तीन जोड्यांपैकी पहिल्या आणि शेवटच्या जोडीची चाकं पोकळ एक्सलवर बसतात. आत भरीव एक्सल, मध्यावर गोळा. त्यामुळे वळणावर चाकं थोडी तिरकी होतात, बाजूला सरकतात, तरी चाकांच्या जोड्या एकमेकींना जोडणारा कपलिंग रॉड सरळच फिरतो.

नुसत्या उभ्या ठेवलेल्या इंजिनाला मात्र चढ मारत नाही, पावसाळा मारतो. धुराड्यातून पाणी स्मोकबॉक्समधे, म्हणजे धुराड्याखालच्या पेटीत पडतं, तळाच्या कोळशाच्या राखेतलं गंधक भिजून आम्ल होतं आणि पत्रा खालून कुजतो. वरचा रंग तोवर चकचकीत! राख खरवडून काढा, धुराड्याला झाकण घाला, बॉयलर पूर्ण रिकामा आणि कोरडा ठेवा, सिलिंडरचे ड्रेन कॉक (पाणी काढायच्या तोट्या) उघडे. लॅगिंग, म्हणजे बॉयलरभोवतीचं उष्णतारोधक आवरण, ओलं राहिलं तर बॉयलरचा पत्राही गेलाच. ग्रीस लावून इंजिन अधूनमधून थोडं ढकलावं, नाहीतर बेअरिंग जाम होतात.

रंगाचा डबा सगळ्यात शेवटी.