कण्हेरगडाची दुसरी वाट

पुण्यातले मित्र मला नेहमी विचारतात की तुमच्या खान्देशात डोंगर कुठंय रे, आणि मी आता उत्तर द्यायचं सोडलंय. त्यांच्या डोक्यात खान्देश म्हणजे केळी, कापूस, भरीत आणि मे महिन्यात टीव्हीवर दिसणारं तापलेलं जळगाव. बरं, त्यांचं सोडा, आपली पोरं पण रात्रभर गाडी चालवून हरिश्चंद्रगडाला जातात आणि चाळीसगावापासून १८ किलोमीटरवरचं पाटणादेवी त्यांना फक्त नवरात्रात आठवतं. वरती सातपुडा, खालती अजिंठ्याची रांग, मधे तापी, असं दोन्हीकडून डोंगरांनी धरलेलं आपलं हे खोरं आहे. तिकडे नंदुरबारात दिवाळीला लोक रात्री मशाली घेऊन अस्तंब्याचा डोंगर चढतात, अश्वत्थाम्याच्या दर्शनाला. पण ते राहू द्या, एका पोस्टमधे मावणार नाही.

तर कण्हेरगड, पाटणादेवीजवळचाच किल्ला. नोव्हेंबर संपत आलेला, रविवार, मी, साडूभाऊ आणि माझा भाचा. पाचोऱ्याहून पहाटे साडेचारला दोन गाड्या काढल्या, थंडीने बोटं पार बधिर झालेली. बॅगेत कळण्याच्या भाकरी, ठेचा, कांदे आणि माणशी दोन लिटर पाणी. हे दोन लिटर लक्षात ठेवा, पुढे त्याचाच लोचा झाला.

पाटणादेवी म्हणजे गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आलं, १९८६ पासून हे अभयारण्य आहे, त्यामुळे गेटवर नावं लिहायची, पैसे भरायचे, कुठे चाललो ते सांगायचं. काही जणांना याचा कंटाळा येतो. मला नाही येत, कारण जंगलात बिबट्या आहे, अस्वल आहे, आणि संध्याकाळपर्यंत परत आलो नाही तर निदान कोणाला तरी आपली आठवण होईल. गेटच्या अलीकडे चहाच्या टपरीवर एक बाबा बसलेले, डोक्याला उपरणं, हातात काठी. त्यांनी विचारलं, "कथा चालनात भाऊ?" म्हणलं बाबा, कण्हेरगड, पण नेहमीच्या वाटेने चढून पलीकडच्या अंगाने नाल्यात उतरायचंय, दुसरी वाट शोधतोय. मोबाईल काढून नकाशा पण दाखवला, त्यात कुणीतरी टाकलेली तुटक रेष होती. बाबांनी मोबाईलकडे बघितलंच नाही. "ती ढोरेस्नी वाट शे, मानसेस्नी नई शे," एवढं बोलून बशीतला चहा प्यायला लागले. आम्ही हसलो. भाचा तर म्हणे मामा, ढोरं जातात तिथे आपण का नाही जाणार.

नेहमीच्या वाटेबद्दल जास्त लिहीत नाही, ती सोपी आहे, आधी नागार्जुन कोठडी लागते, जैन लेणं आहे, तीर्थंकर कोरलेले, मग सीतेची न्हाणी, शृंगार चावडी, आणि मग चढ सुरू. चढ चांगलाच दम काढतो आणि वर माती घसरते, बाकी काही नाही. नऊच्या आत वर होतो. वरून खाली हेमाडपंती महादेव मंदिर असं दिसतं, जसं कोणी झाडीत खेळणं ठेवलंय. ह्याच पाटणमधे भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला होता, तसा शके ११२८ चा शिलालेख इथे सापडलाय. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी पोरं इथे गणितं सोडवत बसायची. भाच्याला सांगितलं तर म्हणे बरं झालं मी तेव्हा नव्हतो.

आता खरा विषय. आपल्याकडचे डोंगर म्हणजे लाव्ह्याचे थर एकावर एक रचलेले. कडक थर असला की त्याचा कडा होतो, मऊ असला की झिजून त्याची पट्टी होते, त्यामुळे लांबून बघितलं की कडा, पट्टी, परत कडा, परत पट्टी असं आडवं आडवं दिसतं, आणि म्हणून इथली कुठलीच वाट नाकासमोर वर जात नाही. ती पट्टीवरून आडवी चालत राहते, कड्याला कुठे खांड पडलीये, कुठे नाळ, म्हणजे उभी घळ, उतरलीये ते गाठते, तिथून पुढच्या पट्टीवर जाते आणि परत आडवी. हे एकदा डोक्यात बसलं की नकाशा नसला तरी चालतं, समोरच्या डोंगरावर वाट कुठून असेल याचा अंदाज बांधता येतो. पितळखोऱ्याची लेणी पण अशीच कड्याच्या पोटात कोरलेली आहेत, बहुतेक लोक तिथे कन्नडकडून वरून पायऱ्या उतरून जातात, पण पाटणादेवीहून दरीतून चढून जाणारी वाट आहे आणि माझ्या मते तीच खरी मजेची.

हे सगळं ज्ञान माझ्याजवळ होतं. तरी मी नकाशातल्या रेषेमागे गेलो.

गडावरून पलीकडे उतरणारी वाट सुरुवातीला एकदम मस्त होती, रुंद, मळलेली, साग आणि अंजनाच्या झाडीतून. अर्धा तास आम्ही गप्पा मारत उतरलो. मग तिला फाटे फुटायला लागले. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन परत एकत्र, सगळ्याच सारख्या मळलेल्या. मग फांद्या एवढ्या खाली की बॅग अडकायला लागली, वाकून वाकून कंबर गेली. साडूभाऊ म्हणाले पण, की ही वाट माझ्या कमरेएवढ्या उंचीच्या कोणीतरी पाडलेली दिसते. मी म्हणलं चला हो, नाला आलाच. मोबाईलमधला निळा ठिपका रेषेवरून कधी ह्या बाजूला उडायचा कधी त्या बाजूला, दरीत तो असाच वेडा होतो. कुसळं सॉक्समधून आरपार घुसून घोट्याला टोचायला लागली, दर पन्नास पावलांवर बसून काढायची आणि परत तेच.

आणि मग वाट संपली. म्हणजे अशी संपली, की एका चिंचोळ्या गवताळ तुकड्यावर शेण पडलेलं, एक डबकं वाळलेलं, आणि पुढे कोरड्या धबधब्याची कडा. ढोरं इथपर्यंत पाण्यासाठी यायची, पाणी पिऊन परत वर जायची. त्यांना नाल्यात उतरायचंच नव्हतं! भाच्याने एक दगड टाकला, आवाज यायला एवढा वेळ लागला की तो आपोआप दोन पावलं मागे सरकला.

साडेअकरा वाजलेले, ऊन डोक्यावर, तिघांत मिळून दीडेक लिटर पाणी उरलेलं. साडूभाऊंचं म्हणणं की बाजूने धरून धरून उतरू. मी नाही म्हणलं. इथला कातळ वरून घट्ट दिसतो पण हाताला धरला की विटेसारखा निघतो, आणि उतरायला लागलेला माणूस मधेच अडकला तर ना वर ना खाली. थोडी वादावादी झाली, साडू असल्यामुळे जास्त बोलता पण येत नाही. शेवटी आल्या वाटेने परत चढलो, तोंडाला कोरड, कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

चढताना मात्र एक गोष्ट दिसली जी उतरताना दिसली नव्हती. पट्टीवर एका ठिकाणी धावड्याची फांदी खांद्याच्या उंचीवर कोयत्याने तिरपी छाटलेली, छाट जुनी, काळी पडलेली. दहा पावलांवर अजून एक. आणि तिच्याखाली गुटख्याची रिकामी पुडी. आता जंगलात कचरा बघून संताप यायला पाहिजे, येतो पण, मात्र त्या दिवशी ती पुडी बघून मला जो आनंद झाला तो काय सांगू. बैल कोयता चालवत नाही आणि गुटखा पण खात नाही. ही माणसाची वाट. एवढी बारीक की वरून येताना आम्ही तिला सरळ ओलांडून गेलो होतो, रुंद वाटेच्या नादात.

पुडी खिशात टाकली आणि निघालो. वाट पट्टीवरून आडवीच्या आडवी, डोंगराला वळसा घालून, एका नाळेच्या तोंडाशी. नाळेत जिथे पाय पुरत नाही तिथे कोणीतरी दगड रचून ठेवलेले, बरोबर एका पावलाच्या अंतरावर. पाऊण तासात खाली. नाल्यात साळिंदराचा एक काटा सापडला, काळा-पांढरा, भाच्याने तो घरी येईपर्यंत छातीच्या खिशात पेनासारखा लावला होता. नाल्याचं पात्र मात्र पार बदललेलं. २०२१ च्या ऑगस्टअखेर जो पाऊस झाला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, तितूर आणि डोंगरी नदीचं पाणी चाळीसगावात घुसलं, तेव्हापासून इथे काठच राहिलेले नाहीत कित्येक ठिकाणी. मोबाईलमधली ती रेष कोणी, कोणत्या साली टाकलेली कोणास ठाऊक.

कोणाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी जा, पावसाळ्यात हिरवं भारी दिसतं पण नाळेत शेवाळ असतं. पाणी माणशी तीन लिटर. आग्या मोहोळं असतात, सेंट मारून येऊ नका आणि कड्याखाली बिडी-सिगारेट नको. आणि गाईड म्हणून गावातलं कोणीतरी सोबत घ्या, त्यांना पण दोन पैसे मिळतात.

अडीच वाजता टपरीवर पोचलो. भाकरी बाहेर काढल्या तर ठेचा सगळा फडक्याला लागलेला, तसाच पुसून खाल्ला. बाबा तिथेच होते, सावली फिरली तसे बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकलेले. माझ्या फाटलेल्या पँटकडे बघितलं, मग सॉक्समधल्या कुसळांकडे.

"मंग, ग्यात का तठे?"

म्हणलं ग्यात बाबा.

त्यांनी टपरीवाल्याला चार चहा सांगितले आणि पैसे मला द्यायला लावले.