अकरा आमदार, दोन पोरी आणि एक निवेदन

बारावीपर्यंत मी एसटीत एक रुपया दिला नाही, अहिल्याबाई होळकर योजनेचा पास, पाचवी ते बारावीच्या पोरींना फुकट. मग सोलापूरला बीएस्सीला ॲडमिशन घेतली आणि पहिल्याच महिन्यात पासाच्या खिडकीवर हजाराच्या वर मोजले. म्हणजे बारावी पास झालं की पोरगी आपोआप पैसेवाली होते असं सरकारला वाटतं बहुतेक.

तर हा फुकट पास डिग्रीपर्यंत करा असं निवेदन घेऊन मी आणि माझी मैत्रीण आमदारांना भेटायला निघालो. गावाचं नाव टाकत नाही, टाकलं तर खाली ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते आमदार कोण ते लगेच कळेल. जिल्हा नियोजनची बैठक असली की अकराच्या अकरा आमदार एका ठिकाणी सापडतात, हे आमच्या एका सरांचं ज्ञान. सातची गाडी, स्टँडवरनं शेअर रिक्षा, सात रस्ता. प्रवासाचं एवढंच.

आत काय सोडेनात. मग गेटबाहेर लिंबाखाली उभं राहिलो, ऊन असं की फाईल डोक्यावर धरायची का निवेदन वाचवायचं हाच प्रश्न. आमच्यासोबत अजून तीस-चाळीस माणसं, कुणाचा रस्ता, कुणाचा विजेचा डीपी, एक आज्जी तर नुसती सही आणायला आलेली. एका काकांनी आमच्याकडं बघून विचारलं, "फुलं नाही आणली?" आम्हाला खरंच वाटलं आणायला पाहिजे होती की काय.

साडेअकराला पहिली पांढरी गाडी आली आणि सगळे धावले, मीपण धावले, लाज वाटली पण धावले. आमदारसाहेब फोनवर बोलतच उतरले, फोन न सोडता डाव्या हातानं माझ्याकडनं कागद घेतला, दुसऱ्याच कुणीतरी फोटो काढला, आणि कागद पीएकडं, पीएकडनं गाडीच्या डिकीत, तिथं शाली, हार, नारळ आणि आमच्यासारखी निवेदनं एकाच ढिगात. तीन रात्री बसून लिहिलं होतं ते. "माननीय महोदय, सविनय" वगैरे सगळं. माझी चपलीची पट्टी तुटली त्या गर्दीत, ती वेगळीच.

दुसरे भेटले ते तीनच्या पुढं, रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात, चहा पीत होते. आम्ही कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाऊन पायरीवर बसलेलो, हातपण नीट पुसले नव्हते. ते म्हणाले, "या की, बसा." आणि चक्क वाचलं. दोन्ही पानं. मग म्हणाले, "अगं पण 2023 ला अर्धं तिकीट केलंय की सगळ्या बायकांना." याचं उत्तर माझ्याकडं पाठ होतं. विद्यार्थ्यांच्या पासाला आधीपासनंच 66 टक्क्यांच्या वर सूट आहे, म्हणजे रोज येणारीला अर्ध्या तिकिटापेक्षा पासच स्वस्त पडतो, त्या अर्ध्या तिकिटाचा आम्हाला काय उपयोग नाही, आणि एवढं सगळं करूनपण घरी महिन्याला हजार मागावे लागतात. मान हलवली त्यांनी. मला वाटलं जिंकलो.

मग विचारलं, "किती पोरी आहेत अशा?"

मी म्हणलं, "खूप आहेत सर."

"खूप म्हणजे?"

मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. सवलतीचे पैसे एसटीला सरकारनं भरून द्यावे लागतात, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. म्हणजे पोरी किती हे नाही कळलं तर खर्च किती हे कोण सांगणार. "विधानसभेत प्रश्न मांडायला लक्षवेधी लावायची तर आकडा लागतोय बाळ. तुमच्या एका रूटचा तरी आण. शंभर सह्या नको, आकडा आण." कप खाली ठेवला आणि उठले.

खरं सांगायचं तर मला डिकीवाल्यापेक्षा यांचाच राग आला. त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्त आला. मराठी शुद्धलेखन तीनदा तपासलं होतं आम्ही, आणि रोज ज्या गाडीत बसतो त्यातल्या पोरी कधी मोजल्या नव्हत्या.

स्टँडपर्यंत तुटकी चप्पल ओढत गेले, मैत्रीण हसत होती, तिला नंतर शेंगदाण्याचा पुडा माझ्याकडनंच पाहिजे होता. पाचच्या गाडीत बसल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारायला लागले. कॉलेजच्या बॅगवाल्या पोरी, एकूण चौदा. दोघींचं कळेना शिकतात का नोकरी करतात, त्यांना जाऊन विचारलं, एक चिडली.

कंडक्टरकाका पास बघायला आले तर वही बघून म्हणाले, "काय चाललंय?" सांगितलं सगळं. त्यांनी पास पंच न करताच परत दिला आणि म्हणाले, "मग आत्ता कशाला मोजालीस, ही गाडी निम्मी मोकळीच असतीय. सकाळी सातला दारात उभी राहा, चढताना मोज."