दिवस ३४: वेलीला लगाम, देठाला ढील

गेल्या वर्षीचं राक्षसी भोपळ्याचं फळ परागीकरणानंतर २६व्या दिवशी गेलं. फुटलं नाही, कुजलं नाही. देठालगतचे खांदे फुगत वर आले, देठ वर ओढला गेला आणि जमिनीत घट्ट रुजलेली वेल जागची हलेना. सकाळी बघतो तर देठाच्या बुडाशी वेल उभी चिरलेली. काट्यावर २३ किलो. आत्याने घारगे करून पाहिले, पण ॲटलांटिक जायंट या वाणाचा गर पाणचट. पीठ घालता घालता डबा रिकामा झाला.

म्हणून यंदा ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या ओवळ्याला आत्याच्या परसात सगळी मेहनत वेलीच्या मांडणीवर घेतली. जागा २० बाय १८ फूट. परदेशात विक्रमी भोपळे पिकवणारे लोक एका वेलीला ८००-१००० चौरस फूट देतात, त्यामुळे बरोबरी वगैरे डोक्यात नाही. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या हॉवर्ड डिल यांनी हे वाण तयार केलं तेही थंड हवेत. ऑक्टोबर २०२५मध्ये इंग्लंडच्या पॅटन बंधूंनी याच जातीवर १२७८.८ किलोंचा विक्रम केला. घोडबंदरला मला ५० किलो दिसले तरी मी पेढे वाटीन.

बी टाकलं २० ऑक्टोबरला, पाऊस गेल्यावर. मुख्य वेल कुंपणाच्या दिशेने सरळ सोडली, बाजूचे फाटे तिला काटकोनात, माशाच्या काट्यासारखे. फाटा आठ फुटांचा झाला की शेंडा खुडून टोक मातीत पुरायचं. फाट्याला फुटणारी बगलफूट दिसली की लगेच काढायची, दोन दिवस दुर्लक्ष केलं की परसात पाय टाकायला जागा उरत नाही. प्रत्येक पेराखाली मुठभर शेणखत घालून वर माती ओढली की तिथे नवीन मुळं धरतात आणि फळाला जास्तीची तोंडं मिळतात. खुडलेले शेंडे आत्या भाजीला नेते. तिच्या दृष्टीने या सगळ्या उद्योगातलं तेवढंच कामाचं.

पहिलं मादी फूल सहाव्या फुटावर आलं, ते काढलं. इतक्या लवकर फळ धरलं तर मागे पानं कमी पडतात. दुसरं अकराव्या फुटावर. ८ डिसेंबरला रात्री कळीला दोऱ्याने सैल बांधलं, म्हणजे माझ्याआधी मधमाशी पोचायला नको. सकाळी साडेसहाला नर फुलं आणायला गेलो तर एकही नाही. आत्याच्या हातात परडी.

‘‘अरे, भजी करत होते. तुझं ते बांधलेलं नाही हं तोडलं.’’

परडीतून तीन परत मिळाली. पाकळ्या सोलून तिन्हींचे पुंकेसर मादीच्या पाचही पाळ्यांवर फिरवले आणि फूल परत बांधलं. फळमाशीसाठी जाळीची पिशवी आणि कामगंध सापळा (नर माश्यांना वासाने ओढणारा) पहिल्या दिवसापासून. कोवळ्या फळाला माशीने एकदा डंख मारला की आतून संपलंच.

आता मुद्द्याचं. फळाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट एकही पेर पुरलेलं नाही. तिथली मुळं सुटी केली, तणावे कापले आणि खांद्याला घासणारा एक फाटाही काढून टाकला. तो कापताना हात थांबला होता, पानं चांगली तळहाताच्या तिप्पट होती. सुरुवातीला देठ वेलीला चिकटून, तिरका होता. आठवडाभर रोज दुपारी वेल दोन-दोन इंच सरकवून काटकोन केला. दुपारीच, कारण उन्हात वेल मऊ पडते. सकाळी ती पाण्याने तट्ट असते, वाकवली की कडाड. (हे मला एका फाट्यावर कळलं, सुदैवाने मुख्य वेलीवर नाही.)

घेराची मापं: १०व्या दिवशी ३८ सेंमी, २०व्या दिवशी ९२, २७व्या दिवशी १२१, आज १२ जानेवारीला १३८. फळाखाली वाळूचा थर, वर गोणपाटाची सावली, म्हणजे साल लवकर कडक होऊन तडकायला नको. पाणी ठिबकने रोज सारखं. एक दिवस विसरलो म्हणून दुसऱ्या दिवशी भरपाई, असं अजिबात नाही. जुन्या पानांवर भुरी (पांढरी बुरशी) दिसतेय, ती पानं तोडून लांब टाकली.

मुख्य वेल फळाच्या पुढे सात फूट गेली आणि कुंपण लागलं. काल शेंडा खुडला. पुढे जास्त मिळाली असती तर आवडलं असतं, पण पलीकडे शेजाऱ्यांची गाडी उभी असते.

परवा वेल जमिनीपासून वर उचलली गेलेली दिसली. खाली विटेचा तुकडा आणि त्यावर जुन्या टॉवेलची घडी दिली. आज सकाळी देठ आणि खांदा यांच्यामध्ये करंगळी घालून पाहिली. गेली. गेल्या वर्षी या सुमाराला नखही जात नव्हतं.