जयदेवस्वामींच्या गावाहून जगन्नाथाच्या दारी

श्रावण लागला की आमच्या घरी भक्तविजयाची पोथी निघायची. आजी वाचायची आणि आम्ही पोरं भोवती बसून ऐकायचो. ताहराबादच्या महिपतिबुवांनी हा ग्रंथ 1762 साली पूर्ण केला, त्यात आपल्या नामदेव-तुकोबांची चरित्रं आहेत. पण संतकथा सुरू होतात त्या दूर पूर्वेकडच्या जयदेवस्वामींपासून. चोर त्यांचे हातपाय तोडतात, पुढे तेच चोर साधूंचा वेष घेऊन समोर येतात आणि स्वामी त्यांचा सत्कार करतात. आजीचा आवाज तिथे हमखास भरून यायचा. जयदेवांच्या राधा-कृष्णावरच्या संस्कृत काव्याचं, ‘गीतगोविंद’ हे नाव मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकलं. तिला संस्कृत येत नव्हतं. त्यातल्या पदांना ती ‘अष्टपद्या’ म्हणायची, आणि तो शब्द उच्चारताना हात जोडायची.

आषाढीच्या वारीत चालायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. जयदेवांच्या गावाहून जगन्नाथपुरीपर्यंत पायी जावं, ही इच्छा तेवढ्याच वर्षांची. गेल्या वर्षी आळंदीचा संजीवन समाधी सोहळा झाला आणि आमच्या दिंडीचे विणेकरी तात्या म्हणाले, “ताई, बोलून बोलून दमलात, आता निघू या.” तात्या, काकू आणि मी असे तिघं कोणार्क एक्सप्रेसने निघालो. पिशवीत दोन टाळांच्या जोड्या, एक पताका आणि काकूंनी बांधून घेतलेल्या दशम्या. वारी नेमाची असते, एकदाच केलेल्या चालीला वारी म्हणू नये, हे मला कळतं. पण दुसरा शब्द मनाला पटेना.

भुवनेश्वरहून प्राची नदीकाठच्या केंदुली सासनला पोचलो तेव्हा मार्गशीर्षातलं कोवळं ऊन पडलं होतं. सासन म्हणजे राजाने ब्राह्मणांना इनाम दिलेलं गाव, आपल्याकडच्या अग्रहारासारखं. समोरासमोर घरांच्या रांगा, मधून रस्ता, मागे नारळी आणि भाताची खाचरं. ओडिशातले लोक हेच जयदेवांचं जन्मगाव मानतात. बंगालमध्ये बीरभूम जिल्ह्यात अजय नदीकाठी दुसरं केंदुली आहे, तिथे मकरसंक्रांतीला मोठी जत्रा भरते आणि बाउल पंथाचे गायक रात्रभर गातात. मिथिलाही हक्क सांगते. कवीने स्वतः ‘किन्दुबिल्व’ एवढंच म्हणून ठेवलंय. काव्याच्या सुरुवातीला उमापतिधर, शरण, गोवर्धन, धोयी या कवींची नावं येतात. हे सगळे बाराव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या लक्ष्मणसेन राजाच्या पदरी होते, असं मानतात. त्यामुळे वाद मिटत नाही. मला तो मिटवायचाही नाही. नामदेवांचा जन्म नरसीचा की पंढरपूरचा, यावर आपल्याकडे किती शाई खर्च झाली! माणसांना एखादा कवी आपल्या गावचा हवासा वाटतो, यातच त्याची थोरवी आली.

प्राचीत पाणी थोडं होतं, काठाशी शेवाळ. काकूंनी ओंजळभर घेऊन डोळ्यांना लावलं. तात्यांनी ‘जय जय रामकृष्ण हरी’ धरलं आणि आम्ही चालू लागलो.

पहिल्या दिवशी पायांपेक्षा कानांनाच जास्त काम होतं. ओडियात आपला ‘ळ’ आहे! चहावाल्या आजी ‘तुळसी’ म्हणाल्या तेव्हा काकू थबकल्याच. जवळजवळ प्रत्येक अंगणात तुळशीवृंदावन, त्याला ते ‘चउरा’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. पहाटे निघालो तर घरोघरी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठीची पांढरी पावलं उमटलेली, भोवती भाताच्या लोंब्यांची नक्षी. मार्गशीर्षातल्या गुरुवारी इथेही लक्ष्मी येते, त्याला ‘माणबसा गुरुवार’ म्हणतात. काकूंचा स्वतःचा गुरुवार होता. घरचा घट मांडायचा राहिला म्हणून आदल्या रात्री त्या हळहळत होत्या. एका दारात बाईंनी हाताने खूण करून आत बोलावलं, पूजेपुढे बसवलं, कपाळाला कुंकू लावलं. दोघींना एकमेकींचं एक वाक्य कळत नव्हतं. काकू बाहेर आल्या त्या डोळे पुसतच.

पिपिलीच्या अलीकडे माझ्या टाचेला फोड आला. तात्यांनी वारीतला उपाय केला, सुईने फोडातून दोरा ओवून तो तसाच ठेवला. पाणी झिरपून गेलं आणि संध्याकाळपर्यंत पाय टेकवता येऊ लागला.

त्या मुक्कामी गावातल्या भागवत टुंगीत आम्हाला जागा मिळाली. टुंगी म्हणजे पोथी वाचण्याची लहानशी गावकीची जागा. सोळाव्या शतकात जगन्नाथ दासांनी भागवत ओडियात आणलं, नऊ-नऊ अक्षरांच्या चरणांत, ते तिथे संध्याकाळी वाचतात. आपल्या पारायणाचीच बैठक. वाचन संपल्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी आमचे टाळ पाहिले आणि हसून दशावताराची अष्टपदी सुरू केली. ‘प्रळय पयोधि जळे’. ळ घालून! तात्यांनी दुसऱ्या ओळीला टाळ धरला आणि ‘जय जगदीश हरे’ला आम्ही तिघंही मिळालो. कुणी शिकवावं लागलं नाही.

शेवटच्या कडव्यात बाबांनी ‘श्रीजयदेवकवेरिदमुदितमुदारम्’ म्हटलं आणि तात्या टाळ थांबवून माझ्याकडे बघत राहिले. “ताई, हे तर ‘नामा म्हणे’ झालं.”

अगदी तेच. एवढी वर्षं मी गीतगोविंदाला पंडितांच्या कपाटातला ग्रंथ समजत होते. बारा सर्ग, चोवीस अष्टपद्या, मधूनमधून अक्षरगणवृत्तांतले श्लोक. पण अष्टपदी श्लोकासारखी नाहीच. ती मात्रांवर चालते, चरणाच्या शेवटी यमक येतं, दर कडव्यानंतर ध्रुवपद घोळून म्हणायचं आणि शेवटी कवीची नाममुद्रा. हे गाण्याचं पद आहे, चार माणसांनी मिळून म्हणायचं. देवभाषेला लोकांच्या गाण्याची चाल लावली ती जयदेवांनी, आणि म्हणूनच हे काव्य एवढं लांब चालत गेलं. गुजरातेत पाटणजवळच्या अनावाडा इथे विक्रम संवत 1348 चा, म्हणजे 1291 च्या सुमाराचा शिलालेख आहे, त्याच्या आरंभी जयदेवांचा दशावताराचा श्लोक कोरलाय. आपली ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे 1290 ची. नेवाशात माउलींची ओवी पुरी होत होती, त्याच सुमारास तिकडे जयदेव दगडावर उतरत होते. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात जयदेवांची दोन पदं आणि आपल्या नामदेवांची एकसष्ट एकाच बैठकीत आहेत. आणि तंजावरकडच्या भजनात अष्टपदीमागोमाग मराठी अभंग आजही म्हणतात.

तिसऱ्या दिवशी साखीगोपाळच्या वाटेवर रस्त्याला लागून वांग्याचं शेत लागलं. जांभळी फुलं, बारीक काटे, दोन बायका वांगी तोडत होत्या. मला आजीची गोष्ट आठवली आणि मी तिथेच बांधावर बसले. माळ्याची मुलगी वांगी तोडता तोडता ‘धीरसमीरे यमुनातीरे’ गात होती. गाणं ऐकायला जगन्नाथ तिच्या मागे मागे फिरला. सकाळी पुजाऱ्यांनी पाहिलं तर देवाचं वस्त्र काट्यांनी फाटलेलं. आमचा विठोबा जनाबाईबरोबर दळायला बसतो, शेण्या वेचतो. हा वांग्याच्या काट्यांत शिरतो. तात्यांनी शेताला हात लावून नमस्कार केला. त्या बायका आधी बुजल्या, मग ‘जय जगन्नाथ’ म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र मला आधीपासून टोचत होती, ती लिहायलाच हवी. गीतगोविंदात उघडा शृंगार आहे. दिंडीत कुणी विचारलं, ‘हे काय गायचं देवापुढे?’, तर काय सांगणार? चौथ्या दिवशी, अंधार असतानाच चालायला लागलो तेव्हा तात्या आठवी अष्टपदी गुणगुणत होते. मी त्यांना अर्थ सांगत होते. ‘निन्दति चन्दनमिन्दुकिरणम्’. राधा विरहात चंदनाला दोष देते, चंद्राचे किरण तिला सोसवत नाहीत. सखी कृष्णाला सांगते, ‘सा विरहे तव दीना’. मी एवढं म्हटलं आणि मागून काकूंनी संथपणे सुरू केलं, ‘चांदवो वो चांदणें, चापे वो चंदनु, देवकीनंदनेंविण नावडे वो.’

माउलींची विरहिणी. तोच चंद्र, तेच चंदन, तोच न येणारा कान्हा. ज्या ‘घनु वाजे घुणघुणा’ला आम्ही हजार वेळा रडलो, त्या शृंगाराला कधी कुणी शृंगार म्हटलं नाही. माउलींनी जयदेव वाचले होते की नाही, याच्याशी मला कर्तव्य नाही. देवावाचून चांदणं पोळतं, हे दोघांना माहीत होतं. जयदेव त्याच अष्टपदीच्या शेवटी म्हणतात, ‘यदि मनसा नटनीयम्’, मनात नाचवायचं असेल तर हे म्हणा. वाखरीच्या रिंगणात उभ्या राहिलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. माझं टोचणं त्या रस्त्यावरच गळून पडलं.

अठरा कमानींचा अठारनळा पूल ओलांडला आणि पुरीत शिरलो. दुरून देवळाच्या शिखरावरचं नीलचक्र दिसलं तेव्हा काकूंनी रस्त्यातच लोटांगण घातलं. सिंहद्वार, बावीस पायऱ्या, मग गरुडस्तंभ. बंगालचे कृष्णभक्त संत चैतन्य महाप्रभू याच गरुडाजवळून दर्शन घ्यायचे. पुरीत ते रोज रात्री आपल्या सोबत्यांकडून गीतगोविंद ऐकत. दक्षिणयात्रेत ते पंढरपूरलाही आले होते असं चैतन्यचरितामृतात आहे, हे मी तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी गरुडस्तंभाला परत एकदा मिठी मारली.

देवळातल्या जयविजय दरवाजाच्या डाव्या अंगाला ओडिशाचा राजा गजपती प्रतापरुद्रदेव याचा 1499 सालचा लेख आहे. संध्याधूपापासून, म्हणजे संध्याकाळच्या नैवेद्यापासून, बडसिंघारापर्यंत, म्हणजे देवाच्या निजेच्या शृंगारापर्यंत, गीतगोविंदच गायचं आणि नाचायचं. नर्तकींनी, गायकांनी दुसरं गाणं शिकायचंही नाही. दुसरं चालू देईल तो जगन्नाथाचा द्रोही. एवढी कडक आज्ञा एका कवितेसाठी! शतकानुशतकं ही सेवा माहारींनी, देवळातल्या नर्तकींनी केली. त्यांच्यातल्या शशिमणी 2015 साली वारल्या. राजाचं नाव दगडावर राहिलं, पण ती अष्टपदी पिढ्यान् पिढ्या अंगावर वागवली ती या बायकांनी, आणि समाजाने त्यांना त्याबदल्यात फार थोडं दिलं. ओडिसी नृत्यात आज राधेचा अभिनय पाहताना हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

दुपारी देवळाच्या आवारातल्या आनंदबाजारात कुडुव्यातला, म्हणजे मातीच्या मडक्यातला, महाप्रसाद घेतला. भात आणि डाळ, एकाच पानावर अनोळखी चार माणसं. शेजारच्या बाबांनी स्वतःच्या हाताने काकूंच्या तोंडात घास घातला. नंतर बाहेरच्या दुकानात गीतगोविंद खंडुआ पाहिला. देवाला रात्री नेसवतात ते रेशमी वस्त्र. पूर्वी ते केंदुलीत विणायचे, पुढे कटकजवळच्या नुआपाटण्यात. सूत आधी मोजून बांधायचं, रंगवायचं, आणि मागावर चढल्यावर त्यातून अष्टपदीची अक्षरं उमटतात. दुकानदाराने मला बोट ठेवून वाचून दाखवलं. अक्षरांच्या कडा किंचित पसरलेल्या, ओल्या कागदावरच्या शाईसारख्या. वांग्याच्या काट्यांत फाटलेलं वस्त्र माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि त्याच गाण्याने विणलेलं हे.

रात्री उशिरा बडसिंघाराला उभे राहिलो. गर्दी दाट, देव फुलांनी झाकलेला, ते गोल डोळे तेवढे दिसत होते. आत सेवकाने गीतगोविंद धरलं. शब्द नीट ऐकू येत नव्हते. एका क्षणी ‘जयदेव’ एवढं कानावर आलं आणि शेजारी पाहिलं तर तात्यांचे रिकामे हात टाळ वाजवत होते.

बाहेर बडदांडावर, देवळापुढच्या मोठ्या रस्त्यावर, वारा सुटला होता. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. काकूंनी पिशवीतून टाळ काढून तात्यांपुढे ठेवले. तात्यांनी हळू आवाजात ‘घनु वाजे’ धरलं. चुरमुऱ्यांची टोपली घेऊन घरी निघालेली एक बाई थांबली, टोपली खाली ठेवून पायरीवर टेकली आणि दुसऱ्या कडव्यापासून मांडीवर हाताने ताल देऊ लागली.