येनचा भाव आणि जळगावच्या घराचा हप्ता

मी जपानात, नागोयाला नोकरी करतो. गाव यावल तालुक्यात, घरची केळी. अप्पांच्या गुडघ्यांमुळे दवाखाना जवळ हवा, म्हणून २०२० च्या शेवटी जळगावात घर घेतलं. कर्ज माझ्या नावावर, सहकर्जदार अप्पा, हप्ता ४२ हजार रुपये. जानेवारी २०२१ मध्ये एका येनला साधारण ७० पैसे मिळायचे. ६० हजार येन पाठवले की महिन्याचं काम झालं. जुलै २०२४ मध्ये भाव ५२ पैशांवर आला आणि त्याच हप्त्याला जवळपास ८१ हजार येन लागले. पगार त्या बेतानं वाढला नव्हता. उलट जपान तेल-गॅस बाहेरून आणतो, त्यामुळे इथलं विजेचं बिलही चढलं होतं.

गावाकडे मात्र सगळ्यांना वाटायचं की माझी चांदी झाली. अप्पांचा फोन यायचा, "पेपरात आलंय, रुपया पडला. आता तुले जास्त पैसे भेटतीन ना?" पेपरातला रुपया डॉलरपुढे पडलेला असतो. येन डॉलरपुढे त्याहून जास्त पडला होता. मार्च २०२२ पासून अमेरिकेनं व्याजदर वाढवायला सुरुवात केली आणि जपानच्या मध्यवर्ती बँकेनं आपला दर मार्च २०२४ पर्यंत शून्याखालीच ठेवला. जिकडे व्याज जास्त तिकडे पैसा जाणारच. माझा मावसभाऊ शारजाला आहे. त्याचा दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला, एका डॉलरला ३.६७२५. त्यामुळे रुपया पडला की त्याच्या घरी खरंच जास्त पैसे जातात. एकाच आजीचे दोन नातू. रुपया पडल्यावर एकाच्या घरी दिवाळी आणि दुसऱ्याची ओढाताण.

माझी सगळ्यात मोठी चूक २०२२ ची. मार्चच्या सुरुवातीला ६५-६६ पैसे असलेला येन एप्रिलअखेर ५९ वर आला. मला वाटलं, इतका पडलाय तर परत चढेल, ६३ झाला की पाठवू. मे महिना असाच गेला. रोज सकाळी लोकलमध्ये उभ्यानं मोबाइलवर भाव पाहायचो. हप्ता ज्यातून जायचा त्या एनआरई खात्यातली (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथलं रुपयांतलं खातं) शिल्लक संपत आलीय, हे भाव बघण्याच्या नादात निसटलं आणि १० जूनचा हप्ता बाउन्स झाला. बँकेचा फोन अप्पांना गेला. दंडाची रक्कम काही फार नव्हती. पण आमच्या घरात विकासोचं, म्हणजे गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचं, कर्ज कधी एक दिवस थकलं नाही. बाग वादळानं आडवी झाली त्या वर्षीसुद्धा नाही. अप्पा मला रागावले नाहीत. "पैशांची अडचण आहे का रे? सांगायचं ना," एवढंच म्हणाले. ते मला फार लागलं.

त्याच रात्री मी त्यांना सगळं उलगडून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "कापूस घरात भरून ठेवता येतो, भावाची वाट पाहता येते. केळीचं तसं नाही. घड तयार झाला की कापावाच लागतो, मग बऱ्हाणपूरच्या बाजारातला भाव काही का असेना. तुझा हप्ता केळी आहे."

मग मी पद्धतच बदलली. आधी पोटाला चिमटा घेऊन तीन हप्त्यांएवढे रुपये एनआरई खात्यात कायमचे ठेवले. दर महिन्याच्या २५ ला पगार होतो. त्याच दिवशी हप्त्याचे पैसे पाठवायचे, भाव न बघता. वरची बचत मात्र येनमध्ये ठेवायची आणि भाव बरा असेल तेव्हा हलवायची.

पाठवतानाही आधी फसत होतो. मी बँकेची फी बघायचो, पण खरी कात्री दरात असते. बाजारातला दर आणि ते देतात तो दर यांत फरक, शिवाय मधली बँक काही कापते ते वेगळंच. आता एकच प्रश्न विचारतो: मी इतके येन दिले, तर जळगावच्या खात्यात नेमके किती रुपये पडतील? तीन ठिकाणी विचारलं की लगेच कळतं. शेवटी पैसे पाठवणाऱ्या ॲपवर आलो. त्यासाठी माय नंबर, म्हणजे आपल्या आधारसारखा जपानचा ओळख क्रमांक, द्यावा लागला, आणि तिथे एका वेळी १० लाख येनची मर्यादा होती.

जुलै २०२४ च्या अखेरीस जपाननं व्याजदर पाव टक्क्यावर नेला आणि येन सावरला. सप्टेंबरमध्ये ५९ पैसे दिसले. साठवलेले ९ लाख येन पाठवले, ५ लाख ३१ हजारांच्या आसपास रुपये झाले. जुलैच्या भावानं ४ लाख ६८ हजारच झाले असते. सगळे मुद्दलात भरले. मधल्या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ज्या दरानं ती बँकांना पैसे देते) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेल्यामुळे बँकेनं हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली होती, ती पुन्हा खाली आली. व्याजदर बदलता असलेल्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नसतो, हे शाखेतल्या माणसाला दोनदा सांगावं लागलं.

आता दर रविवारी फोनवर अप्पा आधी केळीचा भाव सांगतात आणि मग विचारतात, "आणि तुझा येन?" मी पैशांत सांगतो. ते ती नोंद सोसायटीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर करतात.