पाय गाडीत ठेवला आणि उपळी बुरूज चढलो

परवा नळदुर्गच्या किल्ल्यावर जाऊन आलो, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

माझा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापलाय, अपघात 2017 चा. तेव्हापासून कृत्रिम पाय घालतो. पण सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीये, सॉकेटमध्ये, म्हणजे मांडी ज्यात बसते त्या कपात, घाम साठतो, मांडीवर चढवायचं मऊ आवरण, म्हणजे लायनर, घसरतो, मांडीच्या टोकाला फोड येतात आणि मग चार दिवस पाय घालताच येत नाही. तरी घालायचोच, का तर रिकामी पँट लोंबताना दिसली की लोक बघत बसतात.

मग भाच्यानं वासू सोजित्राचे व्हिडिओ दाखवले. भारतीय आईवडिलांचा पोरगा, अमेरिकेत राहतो, नऊ महिन्यांचा असताना इन्फेक्शननं उजवा पाय गेला. हा गडी बॅककंट्री स्कीइंग करतो, म्हणजे लिफ्ट नाही, आखलेली वाट नाही, डोंगर आधी आपला आपण चढायचा मग स्कीवरून उतरायचं, आणि बर्फाचा कडा कुठं सुटेल हे पण आपणच ओळखायचं. 2021 मध्ये त्यानं अलास्कातलं डेनाली चढून स्कीवरून उतरलं, 6190 मीटर! आणि कृत्रिम पाय लावत नाही. डाव्या पायाखाली एकच स्की, दोन्ही हातात आउटरिगर, म्हणजे कुबडीच पण टोकाला छोटी स्की लावलेली. मी रात्री दोन वाजेपर्यंत बघत होतो बे.

ज्यांना कमरेखाली हालचाल नाही त्यांच्यासाठी सिट-स्की असते, बसायला बादलीसारखी सीट, खाली बाईकसारखा शॉकअब आणि त्याखाली स्की. उलट आपली अरुणिमा सिन्हा 2013 ला कृत्रिम पाय लावूनच एव्हरेस्टवर गेली. म्हणजे ज्याच्या शरीराला जे जमतं ते.

लोक म्हणतात, बघा काय जिद्द. जिद्द आपल्याकडं कमी आहे का? सामान नाही, आणि सोबत न्यायची तयारी नाही. मागं एका ट्रेक ग्रुपनं माझा फॉर्म घेतला, पायाचं कळल्यावर पैसे परत केले, एकदा पण विचारलं नाही की तुम्हाला चढताना काय लागतं.

तर परवा नळदुर्गला पाय गाडीतच ठेवला. दोन एल्बो क्रच, म्हणजे कोपराजवळ आधार असलेल्या कुबड्या, पाणी भाच्याकडं. उपळी बुरुजाच्या पायऱ्या लय उंच आहेत, प्रत्येक पायरीला आधी पाय वर, मग दोन्ही क्रच, खांदे भरून आले, तीनदा बसलो. पण फोड नाही, घसरणं नाही, मांडीच्या टोकाला वारा लागत होता, आठ वर्षांत पहिल्यांदा उघड्यावर. वरून बोरी नदी दिसली आणि मला बोलताच येईना.

उतरताना जास्त त्रास झाला, क्रचची रबरं दगडावर पार झिजली. जाड रबरं सोलापुरात कुठं मिळतात कुणाला माहिती असेल तर सांगा, पुढच्या रविवारी पहाटेच निघायचंय.